आधी फेरे मोज

केरबा, उद्या देगलूर रोडला तुझा गाळा उघडतोय.
फ्लेक्सवर तुझा फोटो मोटारीपेक्षा मोठा झालाय,
असू दे, पहिल्या महिन्यात सगळ्यांचाच होतो.
मी पाकीट आणलं नाही. ही वही घे.
निळा पुठ्ठा, कडेला वॉर्निशचे डाग,
सतरा वर्षांच्या मोटारी आहेत हिच्यात.

मोटार येते तेव्हा आधी तिचा वास येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, काल रात्रीपर्यंत झकास चालत होती.
सगळेच म्हणतात. वाद घालू नकोस.
दोन हाफ चहा सांग आणि झाकण खोल.
जळालेली कॉइल घाईनं तोडून फेकू नकोस,
आधी फेरे मोज.
खाचा किती, खाचेत फेरे किती, तार कितव्या नंबरची.
सगळं काळं पडलेलं असतं, बोटं बरबटतात,
तरी मोज. लिही.
मग फेक.

गफूरमामूंनी तोंडानं एवढंच शिकवलं,
बाकीचं मी बघून बघून चोरलं.
तारेचं रीळ आधी काट्यावर, मग पैसे.
'उद्या देतो' म्हणायचं नाही, वार सांगायचा,
आणि त्या वाराला गिऱ्हाइकाच्या आधी
आपण पायरीवर.
नमाजला जाताना ते शटरवर खडूनं लिहीत :
पावणेदोनला येतो.
पावणेदोनला येत.

उधारी द्यावीच लागते बाबा, उदगीर आहे हे.
मेव्हण्याचा पंप येईल, हेडसरांचा कूलर येईल.
दे. पण माणूस समोर असतानाच लिही,
त्याला दिसेल असं लिही.
मागून लिहिलेला आकडा
आपला आपल्यालाच खरा वाटत नाही.
गल्ल्यातून घरी पैसे नेशील तर चिठ्ठी टाकून ने,
पन्नास रुपयांचीसुद्धा.

मोबाईलवर सांगणारे सांगतात, पहाटे चारला ऊठ.
ऊठ की.
आपल्या फिडरला लाईट आठला येते,
मधले चार तास काय करायचं तेही त्यांना विचार.
त्यापेक्षा रविवारी लातूरची गाडी पकड,
ड्राइव्ह आणि पॅनलचं काम शीक.
मी पंख्यापाशी अडकलो, तू अडकू नकोस.
आणि तंबाखूचा हात तारेला लावू नकोस.

आता पान त्रेचाळीस.
चिकटवून टाकलं होतं,
काल चहाच्या पातेल्याच्या वाफेवर सोडवलं.
मलकापूरची गिरणी, दहा हॉर्सपॉवर,
मालकीण निलावतीबाई बिरादार.
तांबं महागलेलं, माझं लग्न ठरलेलं.
मी तार भरली वरून तांबं, आतून अॅल्युमिनियम,
त्यावर वॉर्निशचे दोन हात.
कुणाला दिसणार होतं?

अकराव्या दिवशी बाई आल्या.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
एवढंच म्हणाल्या, 'पंचमीचं दळण होतं गावाचं.'
टेम्पोतून मोटार खाली उतरवलीसुद्धा नाही,
रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात नेली.
मामूंनी माझ्या पगारातून काही कापलं नाही.
वही पुढं सरकवली :
'ये बी लिख. कायकू जली, वो बी लिख.'
लिहिलं. रात्री खळ लावली
पानाच्या चारी कडांना.

गिरणी अजून चालते.
चौदा वर्षांत तिकडचा साधा मिक्सरही
माझ्याकडं आला नाही.
मामू गेले तेव्हा बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या,
'बरं चाललंय का?' म्हणाल्या.
हो म्हणालो. पुढं शब्द सुचला नाही.

हे तुला कामून सांगायलोय,
तर समोरच्या दुकानदाराशी भांडू नकोस म्हणून.
कधी कधी तिकडं गेलेलं गिऱ्हाईक
आपणच पाठवलेलं असतं.

चल, उशीर झाला. हार आणायचा असेल तुला,
नारळाला पाणी आहे का वाजवून बघ.
वहीत मागची साठ पानं कोरी आहेत.
पेन्सिलीनं लिहीत जा,
वॉर्निश लागलं की
शाई पसरते.